बिगरशेती प्लॉट, दोन गाई आणि एक घोडी

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुंबईतली नोकरी संपवून त्या आणि त्यांचे यजमान गावी येऊन राहिले. समुद्राजवळ अकरा गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट, त्यावर चिऱ्याचं घर, मागच्या अंगाला पत्र्याचा गोठा. गोठ्यात दोन गावठी गाई, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या ओळखीच्या एका माणसाने धंदा सोडला, तेव्हा त्याची घोडी ताईंनी विकत घेतली. तिच्या बरगड्या दिसत होत्या, ते त्यांना बघवलं नाही. शेजारच्या प्लॉटवर पुण्याच्या एका कुटुंबाचं होमस्टे आहे. त्यांनी ग्रामपंचायतीत तक्रार केली: वास, माश्या, रात्रभर टापांचा आवाज आणि विहिरीचं बिघडलेलं पाणी. ग्रामसेवकांनी तोंडी सांगितलं की जनावरं हलवा, नाहीतर नोटीस काढावी लागेल. ताई विचारतात, "आमच्या आजेसासऱ्यांपासून दारात गुरं आहेत. हे गाव आहे, सोसायटी नाही. स्वतःच्या जागेत जनावरं पाळायला बाहेरून आलेल्या माणसाला का विचारायचं? वकील करू का?" वाडीत, दीड-दोन किलोमीटर आत, सासऱ्यांची आंबा-काजूची सामाईक जमीन आहे, असंही त्यांनी ओघात लिहिलं आहे.

ताई,

वकील आत्ता नको. कोर्टात गेलात तर निकालाआधी पावसाळे जातील आणि शेजाऱ्याशी बोलणं कायमचं तुटेल. त्याऐवजी या आठवड्यात दोन कामं करा. प्लॉटचे कागद काढून नीट वाचा, आणि मोजपट्टी घेऊन गोठ्यापासून तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या विहिरीपर्यंतचं अंतर मोजा. पत्रात तुम्ही गुंठे लिहिलेत, जनावरं मोजलीत, पण हे अंतर कुठेच नाही. माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे.

आधी कागद. "हे गाव आहे" हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण नियम गावाकडे सरसकट बघत नाहीत. ते जमिनीच्या तुकड्याकडे बघतात. गावठाणातलं घर, सातबाऱ्यावरची शेतजमीन आणि बिगरशेती प्लॉट, हे शेजारी शेजारी असले तरी तीन वेगळे प्रकार आहेत. आजेसासऱ्यांची गुरं वाडीतल्या जुन्या घरी होती. तिथे घर, परडं, गोठा, उकिरडा हे पूर्वापार एकत्रच होतं आणि कोणी त्याला हरकत घेतली नाही. तुमचं आत्ताचं घर मात्र राहण्यासाठी म्हणून बिगरशेती करून घेतलेल्या जमिनीवर आहे. त्या आदेशाला अटी असतात आणि त्यात वापर 'रहिवासी' असा लिहिलेला असतो. अटीबाहेरचा वापर होतो आहे असं ठरलं, तर महसूल खातं दंड करू शकतं. जुन्या घरचा रिवाज या प्लॉटवर आपोआप चालत येत नाही.

म्हणून बिगरशेती आदेशाची प्रत, त्यासोबतचा मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि झोन दाखला, एवढं जवळ हवं. आदेश सापडत नसेल तर तहसील कार्यालयात नक्कल मिळते. गोठा पक्का आहे का, चौथरा घातला आहे का, तेही बघा. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 बांधकामाच्या आगाऊ परवानगीबद्दल आहे. तुमच्या प्लॉटवर ती कोणाकडून लागते ते विचारून घ्या, 'गोठाच तर आहे' असं धरून चालू नका. त्यातून तुम्ही समुद्राजवळ आहात. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे नियम येतात आणि ग्रामीण किनाऱ्यावर साधारणपणे पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र धरलं जातं. तिथे शेती, बाग, कुरण चालतं, पण नवं पक्कं बांधकाम सहज बसत नाही. तुमचा गोठा त्या पट्ट्यात असेल, तर आहे त्याला आणखी सिमेंट लावू नका.

दूध रतिबाला घालता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरच्या दुधापुरती गाय आणि विक्रीचा गोठा यांत अधिकारीही फरक करतात, शेजारीही करतात. विकत असाल तर उत्तरात ते लपवू नका. पुढे निघालं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जाईल.

आता 'बाहेरून आलेला माणूस'. ताई, तुमचा राग मला समजतो. ज्या किनाऱ्यावर शेणाचा वास कोणाला खटकत नव्हता, तिथे पाहुण्यांच्या नाकासाठी गाई हलवा म्हटल्यावर कोणालाही लागेल. पण थोडा वेळ असं धरून चला की त्या प्लॉटवर तुमचे सख्खे दीर राहतात आणि त्यांच्या विहिरीचं पाणी बिघडलं आहे. तेव्हा तुम्ही 'ते कुठून आले' हे विचारलं नसतं. आधी विहीर बघायला गेला असता. उपद्रवाचा कायदाही कोण किती पिढ्यांपासून राहतो हे विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मधली सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. तिथवर जाऊ द्यायचं नसेल, तर तक्रारीतला खरा भाग आणि नुसता त्रागा वेगळा करायला हवा.

वास, माश्या आणि आवाज हे तुमच्या हातात आहे. घरमाशी ताज्या शेणावर अंडी घालते आणि उन्हाळ्याच्या उबेत साधारण आठवड्या-दहा दिवसांत नवी माशी उडते. शेण रोज उचललं, झाकलेल्या खड्ड्यात टाकलं आणि गोठ्याचा कोपरान्‌कोपरा आठवड्यातून दोनदा खरवडला, तर ही साखळी तुटते. फवारणीपेक्षा याचा उपयोग जास्त. गाईचं शेण दिवसाला दहा-पंधरा किलो धरा आणि घोडीची लीद पंधरा-वीस किलो. म्हणजे रोज पस्तीस ते पन्नास किलोंचा ऐवज तुमच्या अकरा गुंठ्यांत साठतो आहे, मूत्र वेगळंच. दोन गाईंच्या शेणावर एक घनमीटरचा छोटा गोबरगॅस चालू शकतो. लीद मात्र पालापाचोळ्यात मिसळून कुजवलेली बरी. आंबा-काजूला त्याहून चांगलं खत विकत मिळत नाही.

विहिरीचा प्रश्न मात्र झाडलोटीने सुटणारा नाही. किनाऱ्यावरची जमीन वाळूची. वाळूतून पाणी भराभर खाली जातं, वाटेत गाळलं जायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात, तेव्हा उकिरड्याचा तळ आणि भूजल यांत हातभर अंतर उरतं. सड्यावर जांभ्याच्या भेगांतूनही असंच होतं. सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात विहीर आणि घाणीची जागा यांत किमान 15 मीटर, म्हणजे 50 फूट अंतर धरतात. वाळूत मी याहून जास्त धरीन, आणि उकिरडा विहिरीच्या वरच्या उताराला तर मुळीच ठेवणार नाही. लेप्टोस्पायरोसिस कोकणात पावसाळ्याचा ओळखीचा आजार आहे. तो उंदरांच्या मूत्रातून पसरतो तसा गुरांच्या मूत्रातूनही पसरतो. पायाला जखम असताना गोठ्यातल्या चिखलात अनवाणी उतरू नका. हे शेजाऱ्यांसाठी नाही, तुमच्यासाठी सांगते आहे.

पण विहीर तुमच्याच गोठ्यामुळे बिघडली, हे अजून कोणी तपासलेलं नाही. होमस्टेला शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असणारच. सुट्टीत भरलेल्या खोल्यांचं सांडपाणीही त्याच वाळूत जिरतं. म्हणून शेजाऱ्यांना भेटून सांगा की दोन्ही विहिरींचं पाणी एकाच दिवशी तपासू, खर्च निम्मा निम्मा. ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात पाण्यात घाणीचे जंतू असले की काळी पडणारी एचटूएस बाटली असते, तिच्यावर पहिला अंदाज येतो. नंतर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. तोवर दोन्ही घरांत पाणी उकळून प्या आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. अहवाल तुमच्या बाजूने आला तर तक्रारीतला सर्वात जड मुद्दा निघून जाईल. विरुद्ध आला तर गोठा हलवायचा की नाही, यावर वाद उरणार नाही. दोन्ही बाजूंनी तुमचा फायदाच आहे.

आता घोडीबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. तुम्ही तिला कणवेपोटी आणलंत आणि त्याबद्दल मला तुमच्याविषयी फार आदर वाटतो. पण पत्रात तुम्ही तिला गाईंच्याच ओळीत बसवलं आहे, आणि ती त्या ओळीतली नाही.

घोडा कळपातला प्राणी. दुसरा घोडा दिसत नाही, वास येत नाही, तेव्हा तो अस्वस्थ राहतो. शेजाऱ्यांना रात्री ऐकू येणारी टापांची आदळआपट हा बहुधा उपद्रव नसून तिची तक्रार आहे. ती आखूड दोरीने, कडक जमिनीवर बांधलेली असेल तर आवाज वाढणारच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 मध्ये, जनावराला अवाजवी आखूड दोरीने वा साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा मानलेलं आहे. तुमचा हेतू तसा नाही, पण आधीच्या मालकाची बांधायची पद्धत तुम्ही तशीच चालू ठेवली आहे का, बघा. तिला साधारण बारा फूट बाय बारा फुटांची कोरडी जागा हवी, जिथे ती मोकळी वळू शकेल, आडवी होऊ शकेल.

खाण्याचं तर फारच वेगळं. भाताचा पेंढा गाय रवंथ करून पचवते. घोडीला रवंथ नाही, आणि घोड्याला ओकताही येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं तिथेच राहतं. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्याला पोटशूळ होऊ शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. तिला तिच्या वजनाच्या दीड-दोन टक्के सुकं गवत रोज लागतं, पाणी पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस लिटर. आणि चारा कधीही वाळूवर टाकू नका. गवताबरोबर वाळू पोटात जाते, साठते आणि त्यानेही पोटशूळ होतो. किनाऱ्यावर वर्षं काढलेल्या घोडीच्या पोटात ती आधीच असण्याची शक्यता आहे. गव्हाणीत किंवा जाळीत, जमिनीपासून उंच चारा द्या. पावसाळ्यात बुरशी आलेला चारा गाईने हुंगून सोडला तर चालतं, घोडीसमोर मात्र तो येताच कामा नये.

तिचा हडकुळेपणा नुसत्या उपासमारीचा असेलच असं नाही. घोड्याच्या दाढांना वयाबरोबर धारदार कडा येतात आणि त्याला चावता येत नाही. खाणं समोर असूनही तो वाळत जातो. पशुवैद्यकाकडून दात, जंत, रक्त तपासून घ्या. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे होणारा सर्रा हा आजारही घोड्यांना बेजार करतो. धनुर्वाताची लस घोड्याला चुकवू नये. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची चाचणी झाली आहे का, तेही विचारा. तो माणसालाही होऊ शकतो आणि संशय आला तर पशुसंवर्धन खात्याला कळवणं बंधनकारक आहे. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. नालबंद तुमच्या तालुक्यात नसेल तर कुठून येणार, हे आत्ताच ठरवा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चार महिने ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोडीचे खूर सडतात, ते असे.

हे सगळं तुम्ही करू शकता का? काही काळ, हो. कायमचं, एकट्या घोडीसाठी, अकरा गुंठ्यांत? मला तसं वाटत नाही. तिला विकत घेऊन तुम्ही तिला एका हालातून सोडवलंत. ते काम अजून पुरं व्हायचं आहे. अंगावर मांस चढेपर्यंत तिला सांभाळा आणि त्या काळात जिथे आधीच दोन-चार घोडे आहेत, मोकळी चराई आहे आणि तिला पुन्हा पुळणीवर दिवसभर पळवणार नाहीत, अशी जागा शोधा. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आणि पुण्या-मुंबईच्या प्राणी कल्याण संस्थांत चौकशी करा. स्वतः जाऊन जागा बघा. त्या जागी पोहोचेपर्यंत घोडी घाटातून टेम्पोत उभी जाईल, तेव्हा पशुवैद्यकाचा दाखला आणि जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम बघूनच गाडी ठरवा.

होमस्टेमधली मुलं गडग्यावरून वाकून तिला बिस्किटं घालत असतील. आज थांबवा. अनोळखी घोडा चावतो, लाथ मारतो, आणि जनावराबाबतच्या हलगर्जीपणाला न्याय संहितेत वेगळं कलम आहे. ती दोरी तोडून बाहेर गेली तर कोंडवाड्याचाही प्रश्न येतो. गुरांच्या अतिक्रमणाचा 1871 चा कायदा अजून लागू आहे आणि त्यातल्या 'गुरां'त गाई-म्हशींबरोबर घोडे, घोड्या, शेळ्या, मेंढ्या सगळे येतात. ज्यांच्या आंब्याच्या कलमांत मोकाट गुरं शिरली आहेत, त्यांना हे पाठ असतं.

गाई आणि शेळ्यांसाठी तुम्ही ओघात लिहिलेली वाडीतली जमीन मला खरा मार्ग वाटते. जमीन महसूल संहितेच्या शेतीसाठीच्या इमारतीच्या व्याख्येतच गुरांचा निवारा, चारा आणि खत साठवण्याची जागा धरलेली आहे. म्हणजे जो गोठा बिगरशेती प्लॉटवर वादाचा ठरतो, तोच शेतजमिनीवर शेतीचा भाग होतो. रोजगार हमीसारख्या योजनेतून गोठ्याला अनुदान मिळतं का, पंचायत समितीत विचारा. अडचण कायद्याची नाही, सामाईकपणाची आहे. सातबाऱ्यावर चुलत दिरांची नावं असतील, तर गोठा घालण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, जागा कुठली हे नकाशावर दाखवून. तोंडी 'घाला की' म्हणणारा माणूस वाटपाच्या वेळी वेगळं बोलतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

दुसरी अडचण रात्रीची. वाडीत बिबट्याची ये-जा असेल तर शेळ्यांना आणि वासरांना चारही बाजूंनी बंद, वरून झाकलेला, दाराला कडी असलेला गोठा हवा. तरीही हल्ला झाला तर मेलेलं जनावर न हलवता वनखात्याला लगेच कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. आणि पहाटे दूध काढायला दोन किलोमीटर कोण जाणार, हे यजमानांबरोबर बसून खरं खरं ठरवा. गुडघे दुखत असतील, वाडीत निजायला माणूस मिळत नसेल, तर दोनऐवजी एकच गाय ठेवणं हा कमीपणा नाही. दुसरी वाडीतल्याच कोणा विश्वासू घरी द्या. कोकण कपिलेसारखी आपली गावठी गाय थोडक्या चाऱ्यावर, डोंगर-सड्यावर हिंडून जगणारी आहे. तिलाही दावणीपेक्षा ते मानवेल.

असाच प्रश्न नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीतल्या वाचकांचा असेल, तर त्यांचे उपविधी वेगळे आणि अधिक कडक असतात. शहरी भागात गुरं पाळण्याबाबत 1976 चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो लागू केलेल्या ठिकाणी परवान्याशिवाय गुरं ठेवता येत नाहीत. सोसायट्या पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाहीत, या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनेचा आधार घेऊन शेळ्या गच्चीवर ठेवणाऱ्यांनी ती सूचना पुन्हा वाचावी. ती शेळ्यांसाठी नाही.

आता ग्रामपंचायतीला उत्तर. तोंडी सांगण्यावर भांडू नका, त्यावर जनावरंही हलवू नका. साधा अर्ज लिहा, दोन प्रतींत, एकीवर पोच घ्या. त्यात तक्रारीची प्रत मागा, कोणत्या कलमाखाली किंवा पंचायतीच्या कोणत्या ठरावाखाली जनावरं हलवायला सांगितली ते लेखी मागा. मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच अर्जात तुम्ही काय करता आहात तेही लिहा: शेण रोज उचलून झाकलेल्या खड्ड्यात, गोठ्याचं पाणी सिमेंटच्या नालीतून विहिरींच्या विरुद्ध बाजूला, दोन्ही विहिरींची तपासणी, घोडीची वैद्यकीय तपासणी, आणि गाई-शेळ्या वाडीत न्यायला लागणारी मुदत. मुदत आगोटीच्या आधीची मागा. एकदा पाऊस धरला की नवा गोठा उभा राहत नाही आणि जुन्यातलं शेण विहिरीत जायचं थांबत नाही. अर्जाची एक प्रत स्वतः शेजाऱ्यांच्या हातात द्या. तरी ते ऐकत नसतील तर गावच्या तंटामुक्ती समितीपुढे पाण्याचे अहवाल घेऊन बसा.

कोंबड्या राहू द्या. आठ-दहा असतील, रात्री खुराड्यात जात असतील आणि कोंबडा शेजाऱ्यांच्या खिडकीखाली आरवत नसेल, तर त्यांच्यासाठी भांडण करायला कोणी येणार नाही. आला तर खुराडं घराच्या दुसऱ्या बाजूला न्या.